मोरपंखी निळा की हिरवा? : लैंगिक कलाबद्दल थोडं मोकळेपणाने

मैत्रिणींनो, दुपारची भांडी आवरून, जरा पाठ टेकून ऐकत असाल, तर बसा निवांत. आजचा विषय थोडा वेगळा आहे. शेजारी सासूबाई असतील, वयात आलेली लेक असेल, तर त्यांनाही ऐकू द्या. लपवून ऐकण्यासारखं यात काही नाही.

मागच्या महिन्यात आपण पाळी जाण्याच्या वयाबद्दल बोललो. तो कार्यक्रम संपल्यावर आम्हाला दोन फोन आले. दोघींनी आधी एकच विचारलं, ‘हे रेडिओवर लागणार नाही ना?’ आम्ही म्हटलं, नाही लागणार. म्हणून आज त्यांचं नाव नाही, गाव नाही. पण नंतर दोघीही म्हणाल्या, ‘प्रश्न तेवढा मांडा. आमच्यासारख्या अजूनही असतील.’

पहिली एक आई. लेक २३ वर्षांची, शिकलेली, कमावती. चार स्थळं तिने नाकारली. पाचव्या वेळी, पाहुणे यायच्या आदल्या रात्री, ती आईला म्हणाली, ‘आई, मला पुरुषाशी लग्न करायचंच नाही. माझा एका मुलीवर जीव आहे.’ आई आम्हाला विचारत होती, ‘लग्न लावून दिलं की जाईल का हो हे? की आधी डॉक्टरला दाखवू? माझी बहीण म्हणते देवऋषाकडे ने. माझंच काही चुकलं का?’

दुसरीचं वय ४५. दोन मुलं, नवरा सरळ माणूस. ती म्हणाली, ‘लग्नाआधी माझी एक मैत्रीण होती. तिच्याबद्दल जे वाटायचं, ते परत कुणाबद्दल वाटलं नाही. पण नवऱ्यावर माझी माया नाही असंही नाही, ती पण खरी आहे. मग मी कोण, ताई? अशी की तशी?’

या ‘अशी की तशी’मध्येच सगळी अडचण आहे. आपल्याला वाटतं, माणसाचे दोनच कप्पे. एकात सगळे नेहमीचे, दुसऱ्यात ‘तसले’. ज्याला त्याला या नाहीतर त्या कप्प्यात टाकायचं आणि झाकण लावायचं. प्रत्यक्षात माणूस असा कप्प्यात मावत नाही. तो कसा मावत नाही, तेच आज समजून घेऊ. मग या दोघींच्या प्रश्नांकडे परत येऊ.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू

आपल्याकडे तीन गोष्टींचा नेहमी घोळ होतो. पहिली गोष्ट शरीराची. बाळ जन्मलं की दाई किंवा डॉक्टर शरीर बघून सांगतात, मुलगा की मुलगी. दुसरी गोष्ट मनातल्या ओळखीची. मी स्वतःला बाई समजते, पुरुष समजते की आणखी काही, याला लिंगभाव म्हणतात. काहींचं शरीर आणि ही ओळख जुळत नाही. त्यांना आपण पारलिंगी किंवा ट्रान्स म्हणतो. आपल्या तृतीयपंथी भगिनी यातल्याच. तिसरी गोष्ट ओढीची. मला प्रेमाची, शरीराची ओढ कुणाबद्दल वाटते, हा झाला लैंगिक कल.

या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत. त्या आईने आम्हाला असंही विचारलं होतं, ‘म्हणजे तिला पुरुष व्हायचंय का?’ नाही. तिच्या लेकीला बाईच राहायचं आहे. साडी नेसायला, मेंदी काढायला तिला आवडतं. फक्त तिची ओढ मुलीकडे आहे. तसंच एखादी मुलगी शर्ट-पँट घालते, गाडी पळवते, आवाज मोठा आहे, म्हणून तिची ओढ मुलींकडेच असेल असं मुळीच नाही. कपड्यावरून कल ओळखता येत नाही.

आता शब्द सांगतो, म्हणजे कुणी बोललं तर आपण गोंधळायला नको. स्त्रीला पुरुषाची किंवा पुरुषाला स्त्रीची ओढ वाटते त्याला भिन्नलिंगी कल म्हणतात. आपल्यासारख्याच लिंगाच्या माणसाची ओढ वाटणं म्हणजे समलिंगी कल. अशा बाईला लेस्बियन आणि पुरुषाला गे असंही म्हणतात. दोन्हींची ओढ वाटू शकते तो उभयलिंगी कल. आणि कुणाचीच शरीराची ओढ वाटत नाही किंवा फारच कमी वाटते, त्याला अलैंगिक म्हणतात. शब्द एवढे लक्षात राहिले तरी पुरे.

साडीच्या दुकानातली गोष्ट

साडीच्या दुकानात गेल्यावर ‘निळी दाखवा’ म्हटलं की दुकानदार एक साडी काढत नाही, ढीग टाकतो. आकाशी, चिंतामणी, मोरपंखी. मोरपंखी हातात घेतली की दोन बहिणींत भांडण ठरलेलं. एक म्हणते हा निळाच, दुसरी म्हणते हिरव्यात मोडतो. दोघीही खोटं बोलत नसतात. निळा कुठे संपतो आणि हिरवा कुठे सुरू होतो, तिथे रेघ मारलेलीच नाही. पण म्हणून निळा नाहीच का? हिरवा नाहीच का? आहेत की. फक्त मधल्या छटाही तितक्याच खऱ्या आहेत.

माणसाच्या ओढीचंही असंच आहे, हे मोजून मांडलं ते अमेरिकेतल्या डॉ. आल्फ्रेड किन्से यांनी. ते मुळात प्राणिशास्त्रज्ञ. अनेक वर्षं त्यांनी गांधीलमाशीच्या जातीतल्या बारीक किड्यांचा अभ्यास केला. हजारो किडे तपासले तेव्हा एकही दुसऱ्यासारखा तंतोतंत नाही हे त्यांना दिसलं. पुढे ते माणसांकडे वळले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो लोकांना समोर बसवून, नाव गुप्त ठेवून, त्यांच्या लैंगिक आयुष्याबद्दल विचारलं. पुरुषांवरचं पुस्तक १९४८ साली निघालं आणि बायकांवरचं १९५३ साली. बायकांच्या पुस्तकासाठी जवळपास ६,००० जणींशी बोलणं झालं होतं.

किन्सेंनी ० ते ६ अशी एक पट्टी केली. शून्यावर ती माणसं, ज्यांची ओढ फक्त भिन्नलिंगी. सहावर ती, ज्यांची ओढ फक्त समलिंगी. मधे १, २, ३, ४, ५. तीनवर दोन्ही सारखं. या पट्टीवर लोकांना बसवल्यावर दिसलं की सगळे दोन टोकांना गोळा झालेले नाहीत. बरेच जण टोकाला होते, हे खरं. पण मधेही माणसं होती, आणि त्यात संसारी, लेकुरवाळी माणसंही होती. त्यांच्या अभ्यासात उणिवा होत्या. सगळ्या थरांतले लोक त्यात सारख्या प्रमाणात नव्हते, त्यामुळे त्यांचे आकडे आज कुणी जसेच्या तसे वापरत नाही. पण ‘दोन कप्पे नाहीत, पट्टी आहे’ ही गोष्ट टिकली.

एक बटण की दोन?

पण पट्टीतही एक खोट आहे. पट्टीवर एका टोकाकडे सरकलं की दुसऱ्या टोकापासून आपोआप लांब जावं लागतं. म्हणजे बाईची ओढ जास्त असेल तर पुरुषाची कमी असलीच पाहिजे, असा त्याचा अर्थ होतो. तसं कशावरून?

हे समजायला आपला रेडिओच बघा. दिव्याचा खटका असतो, वर केला की चालू, खाली केला की बंद. दोन कप्प्यांचा विचार म्हणजे हा खटका. रेडिओचं आवाजाचं बटण मात्र फिरवता येतं, थोडं, आणखी थोडं, पूर्ण. आता अशी दोन बटणं शेजारी शेजारी आहेत असं समजा. एक पुरुषांबद्दलच्या ओढीचं, एक बायकांबद्दलच्या ओढीचं. एक मोठं केलं म्हणून दुसरं लहान होत नाही. कुणाचं पहिलं मोठं, दुसरं बंद. कुणाचं उलटं. कुणाची दोन्ही मोठी. आणि कुणाची दोन्ही अगदी बारीक किंवा बंदच. मायकेल स्टॉर्म्स नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास अशीच दोन वेगळ्या मापांची मांडणी केली.

त्यामुळे किन्सेंच्या पट्टीवर ज्यांना जागाच नव्हती त्यांनाही जागा मिळाली. किन्सेंनी त्यांना ‘एक्स’ अशी वेगळी खूण करून बाजूला ठेवलं होतं. ज्यांची दोन्ही बटणं बारीक असतात, त्या बायकांना आपल्याकडे काय काय ऐकावं लागतं! ‘थंड आहे’, ‘नाटकं करते’, ‘बाहेर कुणी असेल’. मैत्रिणींनो, सगळ्यांना सारखी भूक नसते. त्रास, दुखणं, भीती, थकवा, औषधं यांमुळे इच्छा कमी झाली असेल तर डॉक्टरांशी जरूर बोलावं. पण एखादीला आयुष्यभर ही ओढ वाटलीच नसेल आणि तिला त्याचं दुःखही नसेल, तर तो आजार नव्हे. हाही एक कल आहे.

वाटणं, वागणं आणि म्हणवणं

आता त्या दुसऱ्या ताईकडे येऊ. तिची अडचण अशी की ती स्वतःच्या मनाकडे बघते तेव्हा एक दिसतं आणि संसाराकडे बघते तेव्हा दुसरं.

अशा माणसांसाठी डॉ. फ्रित्झ क्लाइन यांनी मोलाचं काम केलं. हे मानसोपचारतज्ज्ञ होते. उभयलिंगी माणसांवरचं त्यांचं पुस्तक १९७८ साली आलं. ते म्हणाले, एका आकड्यात माणूस बसवू नका, सात गोष्टी वेगवेगळ्या विचारा. शरीराची ओढ कुणाची वाटते? प्रत्यक्ष संबंध कुणाशी? स्वप्नात, कल्पनेत कोण येतं? जीव कुणाशी जडतो? सोबत कुणाची आवडते? आयुष्य कोणत्या लोकांत जातं? आणि तुम्ही स्वतःला काय म्हणवता? आणि या सातही गोष्टी तीनदा विचारा. पूर्वी कसं होतं, आता कसं आहे, आणि तुमच्या मनासारखं झालं तर कसं असेल. सात त्रिक एकवीस. एकवीस घरांचा तो तक्ता. प्रत्येक घरात वेगळं उत्तर असू शकतं.

सातही लक्षात ठेवायला नकोत. तीन ठेवा: वाटणं, वागणं आणि म्हणवणं. हे तिन्ही जुळतातच असं नाही. आपल्याकडे तर जुळणं आणखी अवघड, कारण किती जणींना विचारलं गेलं, ‘बाई, तुला कोण आवडतं?’ स्थळ आलं, पत्रिका बघितली, देण्याघेण्याचं ठरलं, अक्षता पडल्या. मुलं झाली म्हणजे ओढ होतीच असा हिशेब कुणी मांडू नये. आणि मनात दुसरं काही होतं म्हणून संसार सगळा खोटा, असाही मांडू नये. माया, सवय, एकमेकांसाठी खाल्लेल्या खस्ता, यांनाही किंमत आहे.

तेव्हा ताई, तुमच्या ‘अशी की तशी’ला आमचं उत्तर असं की दोन्हीपैकी एक निवडायची सक्ती नाही. मैत्रिणीबद्दल वाटलं तेही खरं, नवऱ्याबद्दलची मायाही खरी. तुम्ही स्वतःला उभयलिंगी म्हणालात तर बरोबर, समलिंगी म्हणालात तर बरोबर, काहीच म्हणवून घ्यायचं नसेल तर तेही बरोबर. हे नाव तुमचं तुम्ही ठेवायचं, आम्ही नाही. आणि कळलं म्हणून लगेच काही केलंच पाहिजे असंही नाही. तुम्ही फोनवर म्हणाला होतात, ‘तीस वर्षांत पहिल्यांदा तोंडातून काढलं.’ आधी ते बोलून झालं, हेच मोठं आहे.

इथे एक सावधपणाही हवा. आता कळलं म्हणून प्रत्येक जिवाभावाच्या मैत्रिणींकडे संशयाने बघू नका. दोघी हातात हात घालून यात्रेला गेल्या म्हणजे लगेच ‘तसं’ असं नव्हे. दुसऱ्याच्या कपाळावर आपण नाव चिकटवायचं नाही.

बदलतो, पण बदलवता येत नाही

आता त्या आईचा पहिला प्रश्न. लग्न लावून दिलं की जाईल का?

डॉ. लिसा डायमंड या अमेरिकेतल्या संशोधक. ज्या तरुणींची ओढ फक्त पुरुषांकडे नव्हती, अशा ७९ जणींशी त्या १० वर्षं पुन्हा पुन्हा बोलत राहिल्या. २००८ साली त्यांनी लिहिलं. या १० वर्षांत सुमारे दोन तृतीयांश मुलींनी स्वतःला लावलेलं नाव निदान एकदा तरी बदललं होतं. कुणी लेस्बियनची उभयलिंगी झाली, कुणी म्हणाली, मला नावच नको. म्हणजे काहींच्या बाबतीत हा कल काळाबरोबर हलतो, विशेषतः बायकांमध्ये.

हे ऐकून ती आई आनंदेल, म्हणेल, बघा, बदलतो ना! मग मी बदलते! पण इथेच फरक आहे. पोरगी वयात येते ती तिच्या वेळेला येते, आपण ओढून आणत नाही. तसाच कल कधी हलला तर तो आपल्या आपण हलतो. मारून, उपाशी ठेवून, अंगारा लावून, शॉक देऊन, लग्न लावून तो हलवता येत नाही. डायमंड यांनीही हेच बजावलं आहे की या अभ्यासाचा आधार घेऊन कुणाला ‘सुधारायला’ जाऊ नका. आणि कित्येकांचा कल आयुष्यभर जागचा हलत नाही, हेही तितकंच खरं.

जबरदस्तीच्या लग्नाने काय होतं, ते आपल्या गावागावांत आहे, फक्त बोललं जात नाही. मुलगी आतल्या आत झुरते. ज्या मुलाशी लग्न होतं तो बिचारा आपल्यात काय कमी आहे म्हणून कुढतो. रोज रात्री इच्छेविरुद्ध संबंध. एका घराची अब्रू वाचवायला दोन आयुष्यं पणाला लागतात. कधी कधी विहीर जवळ केली जाते. त्या आईला आम्ही हे सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती.

चूक कुणाची? कुणाचीच नाही

‘माझं काय चुकलं?’ हा प्रश्न आईच विचारते, बाप क्वचित. पोर जिंकलं तर बापाचं, चुकलं तर आईचं, ही आपली जुनी वाटणी.

ताई, तुमचं काही चुकलं नाही. लाड केले म्हणून, वसतिगृहात ठेवलं म्हणून, मोबाइल दिला म्हणून कल ठरत नाही. मग कशाने ठरतो? २०१९ साली जवळपास पाच लाख लोकांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की समलिंगी वागण्याचं असं एक जनुक नाही. पुष्कळ जनुकांचा प्रत्येकी थोडा थोडा वाटा आहे, आणि जनुकांबाहेरच्या गोष्टींचाही आहे. कुणाच्या रक्ताची चाचणी करून त्याचा कल सांगता येत नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. माणसाचा कल एकाच सरळ पट्टीवर मोजता येतो, असं जनुकांवरून दिसत नाही. म्हणजे आपली दोन बटणांची गोष्ट आठवा. माणूस पट्टीपेक्षाही गुंतागुंतीचा आहे.

डॉक्टरला दाखवायचं का? हा आजार नाही, तर औषध कसलं? अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढलं. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी काढलं. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ साली हा आजार नसल्याचं स्पष्ट सांगितलं. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, उपचार देताना लैंगिक कलावरून भेदभाव करायचा नाही, असं लिहिलेलं आहे. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयाने एक निकाल दिला. दोन तरुणी एकमेकींबरोबर राहायला घर सोडून गेल्या होत्या, त्यांच्या प्रकरणातला हा निकाल. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी कल ‘बरा’ करण्याच्या प्रयत्नांना मनाई केली. त्यानंतर २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही अशा ‘उपचारां’ना डॉक्टरांची गैरवर्तणूक ठरवलं. तेव्हा कुणी पैसे घेऊन ‘पोरगी सरळ करून देतो’ म्हणाला, मग तो देवऋषी असो की पाटी लावलेला डॉक्टर, तो तुम्हाला फसवतो आहे.

हां, मुलीला झोप नाही, जेवण नाही, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आहे, तर मदत जरूर घ्या. पण ती तिच्या दुःखासाठी, तिचा कल बदलायला नाही. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर आहे. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

‘हे परदेशी खूळ’

काही जणी म्हणतील, हे सगळं तिकडचं. आपल्यात नव्हतं.

आपल्यात होतं. वात्स्यायनाच्या कामसूत्रात ‘तृतीया प्रकृती’चा उल्लेख आहे. उलट, याला गुन्हा ठरवणारं कलम ३७७ इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत आणलं. परदेशी काही असेल तर ते कलम!

आणि मराठीत याबद्दल बोलायला आपण पहिल्या नाही. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि मरेपर्यंत चालवलं. वाचक त्यांना लैंगिक प्रश्न विचारत, ते छापून उत्तरं देत. समलिंगी संबंधांवरच्या प्रश्नालाही त्यांनी उत्तर दिलं. त्या प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यात कर्व्यांचे वकील कोण होते ठाऊक आहे? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्व्यांना दंड झाला, पण लोकांनी विचारलेल्या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर देणं अश्लील नाही, ही भूमिका बाबासाहेबांनी कोर्टात मांडली. विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगमंचावर आणलं, ते एका मुलीच्या दुसऱ्या मुलीवरच्या प्रेमाचं. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ साली आली. त्यात एक भाऊ आणि बहीण घरी राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. मुंबईत १९९५ साली ‘स्त्री संगम’ नावाचा गट सुरू झाला, बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांचा. पुढे तो ‘लेबिया’ म्हणून ओळखला जाऊ लागला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयावर मराठीत सोपी पुस्तकं लिहिली.

कायदा काय म्हणतो

थोडक्यात सांगतो. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना कलम ३७७ लागू होणार नाही असं म्हटलं. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, राजीखुशीने एकत्र येणाऱ्या सज्ञान व्यक्तींचा हा गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून नवी न्यायसंहिता आली, तिच्यात ते कलमच नाही.

लग्नाचं मात्र झालेलं नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी लग्नाला मान्यता दिली नाही, तो संसदेचा प्रश्न आहे असं म्हटलं. पण १८ वर्षांवरच्या दोघी एकत्र राहू शकतात, तो गुन्हा नाही. २०२४ साली केंद्र सरकारने स्पष्ट केलं आहे की अशा दोघांना बँकेत संयुक्त खातं काढता येतं, आणि रेशन कार्डासाठी एक कुटुंब धरता येतं. मुलीला घरात कोंडलं, मारलं, तर २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा लेकीलाही लागू आहे. तो फक्त सुनेसाठी नाही. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. आणि सज्ञान मुलीचं लग्न तिच्या इच्छेविरुद्ध लावायचा अधिकार कुणालाच नाही, मग तिचा कल काहीही असो.

घरात कुणी सांगितलं तर

लेक, भाचा, जाऊ, मैत्रीण, कुणीही एक दिवस तुमच्याजवळ हे बोलेल. तेव्हा काय करायचं?

पहिलं, गप्प बसून ऐका. ‘लोक काय म्हणतील’ हे पहिलं वाक्य नको. त्या पोरीने ते स्वतःला हजार वेळा विचारून झालेलं असतं. काही सुचलं नाही तर एवढंच म्हणा, ‘मला अजून नीट कळत नाही, पण तू माझीच आहेस.’ दुसरं, हे तिचं गुपित आहे. तिला विचारल्याशिवाय नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, बचत गटात तर नाहीच नाही. तिसरं, आत्ताच नाव ठरव, आत्ताच सांग तू कोण, असा लकडा लावू नका. काहींना लवकर उमगतं, काहींना पन्नाशीत. चौथं, स्वतःलाही वेळ द्या. आईने मनात लेकीच्या लग्नाचं एक चित्र रंगवलेलं असतं. ते पुसताना रडू येणारच. रडा, पण त्या पोरीला शिक्षा म्हणून नको.

आणि ज्या कुणी आज ऐकत आहात आणि मनात म्हणत आहात, ‘अरे, हे तर माझंच’, त्यांना आमचं एवढंच सांगणं, तुम्ही एकट्या नाही आणि तुमच्यात बिघाड नाही. कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, हे तुमच्या हातात ठेवा. हातात चार पैसे आणि डोक्यावर छप्पर आहे का, हे आधी बघा. मारहाणीची भीती असेल तर सांगायची घाई करू नका.

त्या आईचा परवा पुन्हा फोन आला. पाहुण्यांना तिने ‘मुलीला अजून पुढे शिकायचंय’ म्हणून नकार कळवला. घरच्या मालकांना खरं कारण अजून सांगितलेलं नाही, ते कसं सांगायचं याची धास्ती आहेच. बहीण अजून देवऋषाचा आग्रह धरते. ‘पण काल रात्री पोरगी खूप दिवसांनी माझ्या शेजारी येऊन झोपली,’ ती म्हणाली. मग थोडं थांबून विचारलं, ‘ताई, त्या दुसऱ्या मुलीला एकदा घरी जेवायला बोलवू का?’

आम्ही म्हटलं, बोलवा. काय आवडतं ते लेकीला विचारून करा.

मैत्रिणींनो, आज इथेच थांबतो. प्रश्न असतील तर फोन करा, पत्र टाका, नाव लिहिलं नाही तरी चालेल. पुढच्या बुधवारी, याच वेळी, पुन्हा भेटू. तोवर जपा, एकमेकींना जपा. नमस्कार.